शिल्लक शोध : एक

माणसाने आजवर तीनच थोर शोध लावले. पहिला अग्नी, दुसरा चाक आणि तिसरा आवक-जावक रजिस्टर. यातले पहिले दोन एखाद्या वेळी चुकून लागले असतील, तिसऱ्याला मात्र डोकं लागतं. हे मत शिरूरचे निवृत्त आवक-जावक लिपिक लालमहंमद तांबोळी यांचं. मत मांडते वेळी ते फ्रीज आणि भिंत यांच्या फटीत कमरेपर्यंत शिरलेले होते. कारण ईमेलचा पासवर्ड त्यांनी आठ वर्षांपूर्वी फ्रीजच्या पाठीवर खडूने लिहून ठेवला होता.

"अजी, आधी बाहेर या," हमीदाबी पोळपाटावरून मान न उचलता म्हणाल्या. "आणि चाकाचं एवढं कौतुक आहे, तर फ्रीजला लावून घ्यायची होती चार."

या फटीत शिरण्याची वेळ त्यांच्यावर एका नोटिशीने आणली होती. समाधान कॉलनीच्या मोकळ्या जागेत एक पत्र्याचं शेड आहे. दिसायला साधं, पण कॉलनीचं सगळं त्याच्याखाली होतं. कुणाची हळद, कुणाच्या बाळाचा अकीका, गणपतीचे दहा दिवस, ईदचं जेवण, आणि उरलेल्या दिवसांत दगडाबाईंचे पापड. सोमवारी नोटीस आली की शेडच्या परवानगीचं पत्र गुरुवारी दुपारी तीन वाजता दौंडला हजर करा, नाहीतर शेड अनधिकृत समजून उतरवण्यात येईल. शेड शिरूरचं आणि सुनावणी दौंडला, याचं कारण साहेबांकडे दोन्ही ठिकाणचा चार्ज होता आणि ज्या ठिकाणी काम असेल त्याच्या दुसऱ्या ठिकाणी ते सापडत. कार्यालयाचं नाव सांगून आपल्याला कुणाची बदली करायची नाही.

पत्र आलेलं होतं. कॉलनीचे सेक्रेटरी म्हणून लालमहंमदांनी ते स्वतः वाचलं होतं, आणि शेडमध्येच सभा घेऊन "पत्र मेलने आलं आहे, माझ्याकडे सुरक्षित आहे" असं जाहीर केलं होतं. डायरीत नोंदही होती : 'शेडचे पत्र, दिनांक १२ ऑक्टोबर २०१६, मेलने प्राप्त.' पण ते प्राप्त कधी झालं, ती तारीख नव्हती. चौतीस वर्षं आवक टेबलावर बसलेल्या माणसाने आवकची तारीख लिहिली नव्हती. हे त्यांनी हमीदाबींनाही सांगितलं नाही. काही गोष्टी माणूस कबरीत सोबत नेतो, तशी त्यांनी ती डायरी उशीखाली ठेवली.

"लालभाई," शेजारचे मारुतराव सोमवारी संध्याकाळी सगळ्यांदेखत म्हणाले, "पत्र खरंच आलं व्हतं का तुमाला सपान पडलं व्हतं?"

मारुतराव मूळचे निमोण्याचे, बागाईतदार. मुलाच्या शिक्षणासाठी शिरूरला राहायला आले, मुलगा सार्थक शिकून बाहेर गेला, मारुतराव तिथेच राहिले. माणूस मनाने मोकळा, पण तोंडाने जरा जास्तच. शेडखाली बसलेली मंडळी हसली. लालमहंमद हसले नाहीत. शेड गेलं तर परत उभं करता येईल, पण चौतीस वर्षांत एक कागद न हरवलेल्या माणसाने एकच हरवला आणि तो नेमका आपल्याच गल्लीचा, हे परत उभं करता येत नाही.

आता पत्र मेलमध्ये आहे तर काढावं, एवढं सोपं ते नव्हतं. त्या मेलपेटीची रचना समजून घ्यायला हवी. कॉलनीत सगळ्यात आधी ईमेल काढला तो तांबोळ्यांनी. त्यानंतर कॉलनीतल्या कुणीही कुठेही अर्ज भरायला गेलं आणि काउंटरवरच्याने "मेल आयडी?" विचारला, की तांबोळ्यांचा देऊन मोकळं होई. गॅस, विमा, परीक्षा, कारखान्याची ऊसनोंद, मुलींची स्थळं, गुडघ्याचे पट्टे, सगळं त्या एकाच पेटीत. बारा वर्षांत त्रेचाळीस हजार मेल जमले होते. मारुतरावांनी "आसं खाली सरकवत गेलं की सापडंल" म्हणून फोन हातात घेतला; २०२१ सालापर्यंत पोचले आणि अंगठा आखडला.

तेव्हा मुलीला, पुण्याच्या शायनाला, फोन गेला. फ्रीजमागचा पासवर्ड विचारून घेऊन तिने लांबूनच वडिलांच्या फोनमध्ये एक एआय सहायक बसवून दिला. फोन भरला होता म्हणून जागा करायला मेलचं जुनं ॲप काढून टाकलं. "अब्बा, आता याला सांगायचं, हा मेलमधून शोधून देईल. पण फुकटातला आहे, दिवसाला दहाच शोध. जपून वापरा."

लालमहंमदांनी सहायकाला मनातल्या मनात 'कनिष्ठ लिपिक (हंगामी)' असं पद दिलं आणि रीतीप्रमाणे पहिली आज्ञा टाइप केली. 'प्रति, मा. सहायक साहेब. विषय : शेडच्या परवानगीचे पत्र मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करण्यात येतो की...' अशा अठरा ओळी. शेवटी 'आपला विश्वासू'.

सहायकाने क्षणात उत्तर दिलं : 'अर्ज छान झाला आहे. तो आणखी नम्र करून देऊ का?'

शिल्लक शोध : नऊ.

लालमहंमदांच्या नम्रतेवर आजवर एकाही वरिष्ठाने शेरा मारलेला नव्हता. ते पाणी प्यायले आणि त्यांनी आज्ञा आखूड केली. 'परवानगी' असा शब्द दिला. एकोणीस हजार मेल निघाले, कारण जगातली प्रत्येक कंपनी कसली ना कसली परवानगी मागत असते. 'ऑक्टोबर २०१६' दिलं. त्या महिन्यात दिवाळी होती. दोन हजार तीनशे सवलती निघाल्या, त्यातल्या चाळीस फक्त पडद्यांवर.

एव्हाना गल्ली गोळा झाली होती आणि सल्ले सुरू झाले होते.

"भाऊ, ते यंत्र उपाशी आसंल," दगडाबाई म्हणाल्या. "चार्जिंगला लावा आन् घटकाभर गप ठिवा त्येला."

"मोठ्यानं इचारा त्येला," मारुतराव म्हणाले. "लिवून कुनी ऐकतं व्हय? बोलून सांगायचं, बोलून."

लालमहंमदांनी बोलून सांगितलं. म्हणजे कॉलनीचा इतिहास सांगितला. शेड कसं उभं राहिलं, वर्गणीला कुणी नाही म्हटलं, पत्रे कुणाच्या टेम्पोतून आले आणि मारुतरावांनी त्या वेळी कशी मदत केली. सहायकाने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातला सर्वांत ठळक शब्द पकडून शोध घेतला. मग खणखणीत आवाजात, भर शेडखाली, वाचून दाखवलं :

"मारुतराव यांच्यासाठी एक मेल सापडला. 'एकवीस दिवसांत सपाट पोट.' मारुतराव, तुमचा पाचवा दिवस अजून बाकी आहे. चला, पोट आत घ्या."

मारुतरावांनी नकळत घेतलं. तेवढ्यावरून सगळ्यांना खात्री पटली.

त्या दिवसापासून हमीदाबींनी दोन नियम लावले. एक, आवाज बंद. दोन, रोज संध्याकाळी सहायकाशी झालेलं सगळं बोलणं पुसून टाकायचं. "गल्लीची अब्रू आहे त्या पेटीत," त्या म्हणाल्या. "रद्दीवाल्यासारखी उघडी ठेवू नका."

मंगळवारी शायनाने फोनवर शिकवणी घेतली. "अब्बा, त्याला गोष्ट सांगू नका, खुणा सांगा. कुणाकडून आलं, कुठल्या तारखांच्या मधे, विषयात काय होतं, सोबत काही जोडलंय का. आणि काय नको तेही सांगा."

लालमहंमदांनी खुणा एकेक करून बोटांवर मोजल्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा, हे तर रजिस्टरचे रकाने आहेत."

"असतील, अब्बा."

"असतील काय, आहेतच. कुणाकडून, दिनांक, विषय, सहपत्र, शेरा. हे लोक आत्ता इथवर पोचले होय?"

त्यानंतर मात्र त्यांचा हात बसला. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले : अनुक्रमांक, आज्ञा, किती निघाले, शेरा. आज्ञा आधी वहीत लिहायची, दोनदा वाचायची, जास्तीचे शब्द खोडायचे आणि मगच सोडायची. पलीकडच्या इम्रानला दहा वर्षांपूर्वीचं आयटीआयचं गुणपत्रक हवं होतं, एका आज्ञेत निघालं. दगडाबाईंच्या विम्याची पावती एका आज्ञेत. ज्ञानू ड्रायव्हरचं लायसन्सचं पत्र तर 'सहपत्र आहे, जाहिरात नको, पाठवणारा सरकारी' एवढ्या तीन खुणांवर. बुधवारी सकाळी दारात रांग लागली, आणि हमीदाबींना टोकनं द्यावी लागली. सगळ्या गल्लीचे हरवलेले कागद सापडले. सेक्रेटरींचा तेवढा सापडला नाही.

त्यांनी ऑफिसच्या अधिकृत पत्त्यावरून आलेले मेल मागितले. शून्य. विषयात 'ना हरकत' मागितलं. सार्थकच्या कॉलेजचे चार निघाले. १२ ऑक्टोबरपासून पुढचे पंधरा दिवस मागितले, सहपत्रासह. पडदे. वहीत शेरा लिहायचा रकाना 'नाही, नाही, नाही' असा खाली उतरत गेला. लालमहंमदांना पहिल्यांदाच शंका आली की सपान तर नव्हतं?

गुरुवारी सकाळी मारुतरावांनी जीप काढली. "चला, बसा. गेलं तर गेलं शेड. मानूस जवळ पायजे." पोटाचं प्रकरण त्यांनी मनात ठेवलं नव्हतं. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागे एक, बैलाच्या शेपटीच्या वेगाने. चौफुल्यावरून पाटसला वळेपर्यंत मारुतरावांनी प्रत्येक ट्रॉलीतला ऊस पाहून जात, वय आणि मालकाची नियत सांगितली. दौंडला पोचायला पावणेदोन झाले.

लालमहंमद हजेरी लावायला आत गेले. फोन जीपमध्ये चार्जिंगला होता. आजचे दहाही शोध त्यांनी राखून ठेवले होते, दहाच्या दहा आज्ञा वहीत तयार होत्या. पंधरा मिनिटांनी परत आले तर मारुतराव फोन छातीशी धरून बसलेले, चेहरा शाळेतल्या पोरासारखा.

"लालभाई, रागवू नका."

"काय केलंत?"

"काय न्हाई. त्यो हौशीराम हाय ना आपला, सारखा म्हनतो एकरी नव्वद टन काढला. म्हनलं कारखान्याची वजनाची पावती तर ह्येच्यातच येती. बघू."

"बघितलं?"

"पहिल्यांदी इचारलं, तर त्येच्या भाच्याचं निघालं. मंग परत इचारलं. मंग गेल्या सालचं निघालं..."

"मारुतराव, किती राहिले?"

"एक हाय की." मग थोडं थांबून, डोळे चमकवत, "पन एकसष्ट टन हाय बरं का त्येचा. एकसष्ट!"

लालमहंमदांनी फोन घेतला आणि कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले. वही उघडली. दहा आज्ञांपैकी नऊंवर काट मारायची होती आणि कुठल्या नऊ ते ठरत नव्हतं. अडीच वाजले होते.

समोर खिडकीपाशी एक मॅडम उभ्या होत्या. टेबलावरच्या पाटीवर 'ज्ञानेश्वरी' एवढंच वाचता येत होतं, आडनावावर चहाचा कप होता. उजेडात एकेक पत्र धरायच्या, फोनने फोटो घ्यायच्या, पाठवायच्या, पुढचं पत्र. दर फोटोत त्यांचा अंगठा येत होता. लालमहंमदांना जुनी सवय, नजर पत्राच्या तारखेवर गेली.

"मॅडम, हे ऑगस्टचं दिसतंय."

"व्हय मामा. सही ऑगस्टलाच झाली. पाठवायला टाइम नको का?"

"आणि आज एकदम एवढी?"

"उद्या आढावा बैठक हाय. प्रलंबित शून्य दाखवायचंय."

"विषयात काही लिहीत नाही तुम्ही?"

"विषय पत्रात लिव्हलाय की, मामा. एकच गोष्ट दोनदा कशाला लिवायची?"

"ऑफिसच्या मेलवरून पाठवता ना?"

"त्येचा पासवर्ड आधीच्या मॅडमकडं. त्यांची बदली झाली. माझ्याच मेलवरनं टाकते. पोचल्याशी कारण."

लालमहंमदांनी वहीतल्या आज्ञा पुन्हा वाचल्या. तीन दिवस ते एक आदर्श पत्र शोधत होते. अधिकृत पत्त्यावरून, योग्य विषयासह, पत्राच्या तारखेला निघालेलं. असं पत्र चौतीस वर्षांत त्यांनी स्वतः तरी कधी पाठवलं होतं? पत्रावर सहीची तारीख पडते आणि पत्र ढिगात पडतं. ढीग हलतो वर्षातून एकदाच. एकतीस मार्चला. त्या दिवशी दुपारनंतर लिपिक, शिपाई, ड्रायव्हर, ज्याचा फोन चालू असेल तो, पत्रं पाठवत सुटतो. त्यांनी स्वतः एका एकतीस मार्चला दोनशे दहा लखोटे जावक केले होते, आणि शेवटच्या तीसांवर पत्तेही नंतर टाकले होते.

त्यांनी वहीतल्या दहाच्या दहा आज्ञांवर काट मारली.

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला. "समाधान कॉलनी!"

साहेब वयाने तरुण होते आणि कंटाळ्याने वयस्क. "पत्र?"

"आहे साहेब. मेलमध्ये आहे. आपल्यासमोर काढतो."

"काढून आणायचं असतं, तांबोळी. इथं काय प्रात्यक्षिक आहे?"

"एक मिनिट, साहेब." त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं, दोनदा वाचलं, एक शब्द खोडला. मागे मारुतराव श्वास धरून उभे, पोट आपोआप आत. मग लालमहंमदांनी एकेक खूण मोठ्याने उच्चारत फोनमध्ये घातली : "एकोणतीस मार्च ते एक एप्रिल, सन दोन हजार सतरा. विषय कोरा. मजकूर कोरा. सहपत्र आहे, फोटो. पाठवणारा कंपनी नाही, बँक नाही, दुकान नाही, माणूस आहे. पत्रात काय लिहिलंय ते शोधू नकोस, फोटोतलं तुला वाचता येणार नाही."

बोट दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दारातून ज्ञानेश्वरी मॅडम डोकावल्या.

'दोन मेल सापडले. आजचे शोध संपले आहेत.'

पहिला उघडला. कुणाच्या तरी बारशाचा पाळणा, फुगे लावलेला. साहेबांच्या भुवया वर गेल्या. दुसरा उघडला. पडद्यावर एक आडवं पत्र, खालच्या कोपऱ्यात एक अंगठा, आणि अंगठ्याच्या शेजारी गोल शिक्का.

साहेबांनी मान डावीकडे वाकवली. लालमहंमदांनी वाकवली. मारुतराव, शिपाई, मॅडम, सगळ्यांनी वाकवली. फोन फिरवावा हे कुणाला सुचलं नाही. असे पाच जण तिरके होऊन एकाच कागदाकडे बघत असताना साहेबांनी वाचलं, "...मोकळ्या जागेत सामाईक वापरासाठी पत्र्याचे शेड उभारण्यास परवानगी देण्यात येत आहे. बारा ऑक्टोबर दोन हजार सोळा."

"आणि प्राप्त," लालमहंमद मान तशीच ठेवून म्हणाले, "एकतीस मार्च दोन हजार सतरा, सायंकाळी पाच वाजून बावन्न मिनिटं." ही तारीख उच्चारताना त्यांच्या आवाजात असं काही होतं की शिपायाने उगीचच सरळ उभं राहून घेतलं.

"पण तुम्हाला कळलं कसं?" साहेब आता खरंच जागे झाले होते. "विषय नाही, मजकूर नाही. एआयने ओळखलं?"

"एआयला काय कळतंय, साहेब. ते हंगामी आहे. आपलं कार्यालय सहा महिन्यांनी, विषय न लिहिता, दुसऱ्याच्या मेलवरून, एकतीस मार्चलाच पत्र पाठवणार, एवढा भरवसा आपल्या कारभारावर ठेवला."

साहेबांनी पेन उचललं, थोडा विचार केला. "हे शेवटचं टिपणात घेऊ नका," ते कोपऱ्यात टिपण घेत बसलेल्या लघुलेखकाला म्हणाले. मग लिहिलं : परवानगी पडताळली, शेड कायम, नोटीस निकाली. सही केली, आणि आजवर कुणी पाहिलं नव्हतं ते केलं. उठून हात पुढे केला.

बाहेर येताच मारुतरावांनी शिरूरला फोन लावला. "शेड ऱ्हायलं!" ते असे ओरडले की दौंडच्या बाजारातल्या दोन म्हशींनी रस्ता बदलला. पलीकडून थाळ्या वाजल्या, त्या थेट पत्र्यावर वाजवल्या जात असाव्यात. दगडाबाई मागून ओरडत होत्या की भाऊंना पापड द्या. मग हमीदाबींनी फोन घेतला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "डायरी मी सोमवारीच वाचली होती. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

"लालभाई," मारुतराव गाडीचं दार स्वतः उघडून धरत म्हणाले, "ती सपनाची गोष्ट म्या मागं घेतो. सगळ्यांदेखत घेतो. शेडखाली उभा ऱ्हाऊन."

लालमहंमद सत्काराचं भाषण मनात जुळवू लागले. सुरुवात कुठून करावी, अग्नीपासून की थेट रकान्यांपासून, एवढाच प्रश्न होता. वही त्यांनी काखेत घट्ट धरली. हे ज्ञान आता एका गल्लीपुरतं ठेवणं बरोबर नव्हतं. तालुक्याला, जिल्ह्याला, निदान लिपिक संवर्गाला तरी ते मिळायला हवं होतं.

"मामा! ओ मामा, थांबा जरा!"

ज्ञानेश्वरी मॅडम पायऱ्या उतरून धावत येत होत्या. लालमहंमदांनी समाधानाने वही उघडली आणि आज्ञेचं पान काढलं. पहिली विद्यार्थिनी.

"मामा, ते तुमचं पत्र फाइलला लावायचं ऱ्हायलं. आमच्याकडची प्रत काय सापडंना."

"आत्ता मेल करतो, मॅडम. विषय लिहून करतो. तारीख, संदर्भ, सहपत्र, सगळं व्यवस्थित..."

"नगं नगं, मेल नगं, मामा," त्या कळवळून म्हणाल्या. "मेलमधी कुठं शोधत बसू मी? तेवढा एक फोटू काढून व्हॉट्सॲपला टाका."